वेणुखेडची थांबलेली भिंत

वेणुखेड गाव ते केवढे! ओढ्याच्या वळणावर चार आळ्या, एक चावडी आणि काळ्या दगडाचे महादेवाचे देऊळ, एवढाच त्याचा पसारा. परंतु ज्या गावी सत्पुरुषाची पावले टेकली, त्या गावाची लांबीरुंदी काय मोजायची! या देवळाच्या सर्वांत खालच्या पायरीवर महाराज बसत, म्हणून लोक त्यांना पायरीमहाराज म्हणत. त्यांचे मूळ नाव-गाव कुणालाच ठाऊक नव्हते. "महाराज, वर येऊन बसा," असे पुजारी विनवीत, तेव्हा महाराज म्हणत, "वर तो बसलाय की! येणाऱ्याच्या पायात काटा असला तर काढायला खाली कुणीतरी नको का?" आणि खरोखरच काढीत हो! शेतावरून आलेल्या बायाबापड्यांचे पाय मांडीवर घेऊन, बाभळीच्या काट्याने काटा काढताना त्यांना पुष्कळांनी पाहिले आहे. असे ते महाराज. त्यांनी एका चितारी भक्तासाठी जे केले, ते आज ऐका.

त्या भक्ताचे नाव रखमाजी. चितारी म्हणजे देवळांच्या भिंतींवर चित्रे काढणारा. घराण्याचाच धंदा तो. त्यांच्या कामाची रीत अशी, की रंग भरायचा तो ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर. चुना ओला आहे तोवर रंग पोटात घेतो आणि मग पिढ्यान्‌पिढ्या सोडत नाही. सुकल्यावर लावलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे होऊन गळतो. म्हणून गवंड्याने सकाळी तेवढाच गिलावा लावायचा, जेवढा चितारी दिवस मावळेपर्यंत रंगवील. उद्याचा गिलावा उद्या.

आणखी एक गोष्ट त्यांच्या घरात फार मोलाची होती, ती म्हणजे आजोबांचे खाके. खाका म्हणजे जाड कागदावरचे चित्र, रेघेरेघेवर सुईने टोचलेले. तो भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटली, की भोकांतून काळे ठिपके उमटतात. ठिपके जोडा, रंग भरा, झाला देव तयार! आजोबांच्या हातून एका खाक्यात मुरलीधराला चुकून सहावे बोट टोचले गेले होते, आणि आसपासच्या यच्चयावत देवळांतला मुरलीधर सहा बोटांचा! कुणी विचारले तर रखमाजी म्हणे, "आजोबांनी काढलंय, काहीतरी कारण असंल." असा हा भला माणूस. हातात जादू होती, पण उभ्या जन्मात स्वतःच्या मनाची एक रेघ त्याने ओढली नव्हती. तशी गरजही कधी पडली नव्हती.

त्या साली वेणुखेडच्या पंचांनी देवळाच्या मंडपातली मोठी भिंत रंगवायचे ठरवले. चित्र कुठले, तर मार्कंडेयाचे. मार्कंडेय हा ऋषीचा मुलगा, कपाळी अल्पायुष्य घेऊन आलेला. यम न्यायला आला तेव्हा पोराने महादेवाच्या पिंडीला घट्ट मिठी मारली आणि महादेवाने यमाला दारातच थोपवले, ती कथा. काम अर्थातच रखमाजीला मिळाले. त्याने आनंदाने खाके काढले, ऊन दाखवले, बायकोने गेरू आणि नीळ वाटायला घेतली. आणि अशा वेळी दैवाने घाला घातला.

महिनाभर त्याच्या पोटात दुखत होते. अन्न जाईना. वैद्यबुवांनी पोट चाचपले, एका जागी बोटे थांबली, आणि मग त्यांनी उगाचच फार वेळ हात धुतले. शेवटी म्हणाले, "रखमाजी, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. आत गाठ आहे. दुखणं थोडं हलकं होईल असं औषध देतो. पण हे दुखणं माणसाला घेऊनच जातं."

रखमाजी घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. ठकूने, त्याच्या बायकोने, तांदळाची पातळ कण्हेरी केली, ती तशीच गार झाली. दुसऱ्या दिवशीही तो उठला नाही. वाटलेला गेरू वाटीत सुकून गेला. काय करील बिचारी! तिने पदर खोचला आणि त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, "अहो, मरायचं तेव्हा मराल. आत्तापासून कशाला सराव करताय? उठा, महाराजांच्या पायावर तरी डोकं ठेवून या." आणि धरून उठवलेच तिने त्याला. निघताना जन्माच्या सवयीने त्याने खाक्यांची गुंडाळी काखेत मारली.

महाराज पायरीवर बसले होते. रखमाजीने पायांवर डोके ठेवले ते उचलेचना. हुंदके देत म्हणाला, "महाराज, पंचांना सांगा, दुसरा चितारी बघा. मला आता किती दिवस आहेत कुणास ठाऊक. एवढी मोठी भिंत माझ्यानं कशी व्हायची?"

महाराज म्हणाले, "रोज गिलावा किती लावतोस रे?"

"अं? एका दिवसात रंगवून होईल तेवढाच, महाराज."

"सगळ्या भिंतीला एकदम का नाही लावत?"

"सुकून जाईल की! चुना सुकला म्हणजे सगळीच मेहनत फुकट."

"वा! चुन्याच्या बाबतीत एवढा शहाणा," महाराज म्हणाले, "आणि आयुष्याचा गिलावा मात्र सगळा एकदम थापून बसलास? पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचा? मग तो सुकला म्हणून रडतोस! अरे, आजचा तुकडा ओला आहे ना? तो रंगव."

रखमाजी डोळे पुसत बघत राहिला. महाराजांनी त्याच्या काखेतली खाक्यांची गुंडाळी हलकेच काढून घेतली. "आणि हे ठेव घरी. हे तुझ्या आजोबांनी पाहिलेलं आहे. भलं पाहिलं त्यांनी. पण रखमा, तू काय पाहिलंस?"

"मी? मी तर काहीच नाही पाहिलं, महाराज."

"मग आता बघ. आता नाही तर केव्हा?"

रखमाजीला आधार वाटला खरा, पण भीतीही तेवढीच वाटली. खाक्याशिवाय भिंतीपुढे उभे राहायचे म्हणजे काठीशिवाय आंधळ्याने चालायचे. पण गुरूची आज्ञा! तो पंचांकडे गेला आणि म्हणाला, "मी भिंत करतो."

आता पंचांनी काय करावे? त्यांनाही कळले होते की माणूस फार दिवसांचा नाही. पाटलांनी खबरदारी म्हणून संस्थानातून सुभानजीला बोलावणे धाडले. हा सुभानजी रखमाजीचा थोरला चुलतभाऊ. दोघे एकाच आजोबांच्या हाताखाली शिकलेले. सुभानजी पुढे राजवाड्यात गेला, राजचितारी झाला, अंगावर शालजोडी आली आणि मानेत असा काही ताठा बसला म्हणता, की धाकट्या भावाकडे पाहायचे तर त्याला डोळे खाली वळवावे लागत.

तो आला, भिंत पाहिली, रखमाजीची दशा पाहिली. मनात कालवले असेल, नाही असे नाही. पण तोंडाने काय म्हणाला, "रखमा, घराण्याची रीत विसरलास? ज्या चिताऱ्याला काम चालू असताना मरण येतं, त्याची भिंत खरवडून काढतात. अपुरी भिंत देवळात ठेवत नाहीत. तू चार आठ दिवसांचा सोबती. तुझं सगळं काम मलाच माझ्या हातानं खरवडावं लागेल. त्यापेक्षा हात जोड आणि बाजूला हो."

"दादा," रखमाजी म्हणाला, "महाराजांनी सांगितलंय."

"कोण, ते पायरीवरचे? त्यांनी कधी कुंचला धरलाय?" सुभानजी हसला. "आणि खाक्याशिवाय काढणार म्हणे! बघू तरी. मला वेळ आहे. मी इथंच पाटलांकडं राहतो."

आणि राहिला हो! रोज सकाळी मंडपात चौरंग टाकून बसायचा आणि भावाचे काम बघायचा.

पहिला दिवस फार वाईट गेला. कासम गवंड्याने पहाटे घोटलेला चुना थापला, हातभर रुंद, हातभर उंच. म्हातारा मनाने मोकळा होता, म्हणाला, "बस, मालक, आजची ही एवढीच दुनिया." रखमाजीने कुंचला बुडवला आणि हात थांबला. ठिपके नव्हते. समोर नुसता पांढरा चुना! दुपारपर्यंत त्याने एक डोंगर काढला, तो डोंगर कसला, उपडी टोपली. सुभानजी खो खो हसला. संध्याकाळी रखमाजीने स्वतःच तो तुकडा थापीने खरवडून टाकला आणि तिथेच बसून लहान मुलासारखा रडला. जन्मभर देव काढले, आणि आज एक डोंगर येईना! पोटातल्या कळेपेक्षा ते त्याला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी तो डोंगर काढायला बसलाच नाही. ठकू कडेला बसून रंग वाटत होती. पाटा-वरवंटा थांबवून तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले, आणि रखमाजीला वाटले, अरे, मार्कंडेयाची आई अशीच बसली असेल. त्याने ते मनगट काढले. मग केस. मग वरवंट्यावर झुकलेली पाठ. दिवस कधी मावळला त्याला कळले नाही. सुभानजी त्या दिवशी हसला नाही, एवढेच म्हणाला, "ऋषीची बायको आहे, का मजुरीण?" ठकूने मान वर करून पाहिले आणि ती लाजून जी घरी पळाली, ती दोन दिवस देवळाकडे फिरकली नाही!

आणि मग काय सांगावे! दार उघडावे तसे झाले. चाळीस वर्षे ज्या वाटेने तो गेला-आला, ती वाट त्याला दिसू लागली. ओढ्यावरचा वाकडा जांभूळ ऋषींच्या आश्रमात आला. पुजाऱ्यांची खोडकर शेळी आली, ती होमाच्या समिधा खाते आहे अशी. मार्कंडेयाचे तोंड त्याने कुठल्याच देवासारखे काढले नाही; पोराने पिंडीला मिठी मारली आहे आणि डोळे असे गच्च मिटले आहेत, की बघणाऱ्या बायांनी तोंडावर पदर घ्यावा. रोज एक तुकडा. दुखत नव्हते असे नाही. कळ आली की तो कुंचला दातांत धरून भिंतीला टेकायचा, घाम गळायचा, ठकू पाठीवरून हात फिरवायची. कळ ओसरली की पुन्हा रंग. एके दिवशी तिला म्हणाला, "ठके, खरं सांगू? मी आजारी पडायच्या आधी एवढा कधी जिवंत नव्हतो." त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

गावही बदलले. आधी लोक त्याला पाहून चुकचुकत, आता "आज काय निघालं?" असे विचारत मंडपात येऊ लागले. महाराजही पायरीवरूनच मंडपात एक नजर टाकीत. एकदा भिंतीवरच्या शेळीकडे बोट करून म्हणाले, "हिला ओळखतो मी. माझी भाकरी खाल्लीय हिनं." आणि सारा मंडप हसला.

होता होता भिंत पुरी होत आली. उरला एक तुकडा, आणि तो होता यमाचा.

तिथे रखमाजी अडला. आजोबांच्या खाक्यातला यम त्याला पाठ होता. बाहेर आलेले सुळे, लाल डोळे, हातात फास. पण आता यम त्याच्याच उंबऱ्याशी येऊन बसला होता, आणि सुळे तर त्याला दिसत नव्हते. लोकांनी सल्ले दिले, ज्याचे त्याने! पाटील म्हणाले, काळाकुट्ट कर. पुजारी म्हणाले, दाढी हवी. तो महाराजांकडे गेला. महाराज म्हणाले, "मला काय विचारतोस? पाहुणा तुझ्या घरी आलाय."

त्या दुपारी तो अंगणात घोंगडीवर पडला होता. शेजारच्या घरी मुराळी आला होता. मुराळी म्हणजे सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला आलेला माणूस. सासूने त्याला सांगितले, "आत्ता नाही पाठवता यायचं, घरात काम आहे. पुढच्या खेपेला या." बिचारा उन्हातून चालून आलेला. पण ना राग, ना रुसवा. हातातली पुरचुंडी सुनेच्या ओटीत दिली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं बाई, पुन्हा येईन." रखमाजी घोंगडीवर उठूनच बसला. "ठके!" तो ओरडला. "सापडला! अगं, यम मुराळी आहे! महादेवानं त्याला सांगितलं, आत्ता नाही, पुढच्या खेपेला. आणि तो दारातून परत चाललाय!" आणि तो हसायला लागला. पोटावर हात दाबून हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होते. ठकूही हसली आणि रडली. नक्की काय करतो आहोत हे दोघांनाही कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कासमने शेवटचा गिलावा लावला. रखमाजीने सकाळी पागोटे काढले, धुळीने भरलेले पाय काढले, हातात फासाच्या जागी शिदोरीची पुरचुंडी दिली. मागे रेडा काढला, रवंथ करणारा. सुभानजीने चौरंगावरून पाहिले आणि मांडीवर थाप मारली. "यम मुराळी! राजवाड्यात सांगितलं तर पोट धरधरून हसतील! रखमा, गाठ पोटात आहे, का डोक्यात?"

रखमाजी भिंतीकडे वळला. तोंडाची जागा तेवढी पांढरी राहिली होती. त्याने कुंचला उचलला, आणि इतक्यात अशी कळ आली, की तो आडवाच झाला. डोळे फिरले. शुद्ध हरपली. चार माणसांनी उचलून घरी नेला.

सुभानजी उठला. भिंतीजवळ येऊन त्याने अंगठ्याने गिलावा दाबून पाहिला. वैशाखाचे ऊन मंडपात वाफ सोडत होते. "दिवस मावळेपर्यंत हा चुना मेला," तो म्हणाला. "आणि तो उठायचा नाही. यमाला तोंड नाही, म्हणजे भिंत अपुरी. रीत ती रीत. पाटील, उद्या खरवडायला घेऊ." मग पायरीकडे वळून त्याने आवाज चढवला, "काय महाराज! तुमच्या शब्दाखातर माणूस उन्हात झिजला. आता सांगा सूर्याला, थांब म्हणावं!"

लोकांना वाटले, महाराज आता रागावतील. महाराज सावकाश उठले आणि पायऱ्या चढून मंडपात आले. कित्येक वर्षांत त्यांना पायरीवरून वर आलेले कुणी पाहिले नव्हते. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या जागेजवळ त्यांनी तळहात नेला. टेकवला नाही, नुसता जवळ धरला. आणि घरातल्या लेकीला सांगावे तसे म्हणाले, "सूर्याला कशाला त्रास? बाई भिंती, जरा थांब. तुझा माणूस यायचाय." एवढे बोलून पुन्हा पायरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभानजी थापी घेऊन आला. त्याने अंगठा लावला. अंगठा रुतला! त्याने मागे पाहिले, पुढे पाहिले. शेजारच्या, आधी रंगवलेल्या तुकड्यावर नख वाजवले, ते खणखणीत दगडासारखे वाजले. फक्त यमाचा तुकडा ओला. "कुणीतरी पाणी मारलंय," तो म्हणाला. कासम म्हणाला, "मालक, पाणी मारून चुना ओला दिसतो, जिता होत नाही. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?" सुभानजीला हे ठाऊक होते. हाच तर त्याचा काटा होता. चुन्यात जन्म गेलेला माणूस, दुसऱ्या कुणाला फसवता येईल, त्याला नाही.

तरी अहंकार सहजी मरतो का! त्याने दिवसभर भिंतीसमोर बैठक मारली. संध्याकाळी मंडपाला स्वतः कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोवली. सकाळी उघडले, चुना ओला. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. उन्हाने ओढ्यातले पाणी आटत होते, झाडांची पाने करपत होती आणि ही हातभर भिंत नुकत्या थापलेल्या गिलाव्यासारखी गार आणि ओली! बघायला गाव लोटले. सुभानजी मात्र चौरंगावरून हलेना. मग एका दुपारी काय झाले, बसल्या बसल्या त्याची नजर त्या तुकड्यावरून सरकून पहिल्यांदाच बाकीच्या भिंतीकडे गेली. ते मनगट. ती पाठ. ते गच्च मिटलेले डोळे. इतके दिवस तो चुका शोधत होता. भिंत पाहिली नव्हती. आता पाहिली, आणि त्याला जाणवले की राजवाड्याच्या एवढ्या दालनांतून आपण जे रंगवले, त्यात असे एक मनगटसुद्धा नाही. सगळे खाके. त्याचे त्यालाच रडू फुटले.

इकडे रखमाजीला शुद्ध आली. डोळे उघडताच पहिला प्रश्न, "चुना?" ठकूने तोंड फिरवले. ती नवऱ्याच्या उशाजवळून हललीच नव्हती, देवळात काय चालले आहे हे तिच्या कानावरही आले नव्हते. "अहो, दिवस लोटले. कुठला चुना राहतोय!" रखमाजीने डोळे मिटले. मरणाचे दुःख त्याचे केव्हाच सरले होते, पण आता भिंत खरवडणार! ठकूचे मनगट, शेळी, पोराची मिठी, सगळे थापीने ओरबाडून खाली पडणार. "महाराज," तो पुटपुटला, "एक तोंडच राहिलं होतं हो."

तेवढ्यात दारात सावली पडली. सुभानजी! अंगावर शालजोडी नव्हती. ठकू घाबरून उठली, डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "थोरले भावजी, पाया पडते, खरवडलं असेल तर यांना एवढ्यात सांगू नका."

सुभानजी खाली बसला. म्हणाला, "रखमा, चल. भिंत ओली आहे."

"दादा, मरणाऱ्याची थट्टा करू नको रे."

"माझ्या अंगठ्याची शपथ. तुझी वाट बघतीये ती. चल!" आणि उत्तराची वाट न बघता राजचितारी सुभानजीने धाकट्या भावाला पाठुंगळीला घेतले, लहानपणी जत्रेतून आणायचा तसे, आणि भर बाजारातून देवळाकडे निघाला. लोक बाजूला होत गेले. पायरीपाशी महाराज होते. त्यांनी नुसते हसून पाहिले आणि पाय आखडून वाट करून दिली.

रखमाजीचा हात वर उचलेना. तेव्हा सुभानजी त्याच्यामागे बसला आणि त्याने खालून कोपर तोलून धरले. "रेघ तुझी," तो म्हणाला, "मी नुसता भार घेतो." रखमाजीने कुंचला चुन्याला टेकवला, आणि अहाहा! रंग भिंतीने असा ओढून घेतला, जणू तहानलीच होती. उन्हाने रापलेले कपाळ आले. थकलेल्या पापण्या आल्या. ओठ आले, "बरं, पुन्हा येईन" म्हणणारे. मंडपात जमलेल्या बायांपैकी एक म्हातारी एकदम बोलून गेली, "अगंबाई, हा तर आपल्या माहेरचाच!" कुणालाही भीती वाटली नाही. शेवटी रखमाजीने यमाच्या डोळ्यांत काळा ठिपका दिला आणि कुंचला उचलला.

कुंचला उचलला मात्र, ओला रंग डोळ्यांदेखत निवला आणि फिका पडत जागच्या जागी बसला. कासमने पुढे होऊन नख वाजवले. खणखण! गेले कित्येक दिवस न सुकलेला चुना एका श्वासात दगड झाला होता. लोकांनी महादेवाचा असा गजर केला म्हणता!

सुभानजी धावत पायरीवर आला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, मी पामर! तुमची थट्टा केली. मला हवी ती शिक्षा करा, पण एक द्या. तुम्ही भिंत थांबवलीत. तसंच माझ्या भावाचं मरणही थांबवा!"

सगळे श्वास रोखून बघू लागले. ठकूचे हात आपोआप जोडले गेले. महाराजांनी सुभानजीच्या पाठीवर हात ठेवला आणि मंडपाकडे मान वळवली. "रखमा, तुझा दादा काय मागतोय ऐकलंस? तूच सांग त्याला. माझी ना नाही."

रखमाजी खांबाला टेकून बसला होता. हातांना रंग, चेहऱ्यावर कोण तेज! त्याने एकदा ठकूकडे पाहिले, फार वेळ पाहिले. मग म्हणाला, "दादा, तू चितारी ना रे? मग असं कसं मागतोस? काम होईपर्यंत चुना ओला राहिला, ही महाराजांची कृपा. पण काम झाल्यावर तो सुकायलाच हवा. सुकल्याशिवाय रंग पक्का होतो का?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते पाहण्याचे भाग्य ज्यांना लाभले, ते धन्य!

रखमाजी त्यानंतर पावसाळाभर होता. त्याच पायरीवर महाराजांशेजारी बसे, आणि कुणी कोळसा हातात दिला की फरशीवर काहीबाही काढून दाखवी. गेला तो ठकूच्या मांडीवर, शांतपणे. भिंत पुरी होती. तिला कुणी थापी लावली नाही. पण हे सगळे मागाहून.

त्या दिवशी, भावाचे ते बोलणे ऐकून सुभानजी मंडपात परत आला. त्यांच्या घराण्यात थोरल्याने धाकट्याच्या पाया पडायची रीत नाही. तसे झाले तर धाकट्याचे आयुष्य तुटते असे म्हणतात. सुभानजी वाकू लागला तसे रखमाजीने घाईने पाय पोटाशी ओढून घेतले. "दादा, काय हे! मी धाकटा ना?"

"पाय दे, रखमा," सुभानजी म्हणाला. "तुला आता कशाचं भय?"

रखमाजी हसला. त्याने पाय पुढे केले, आणि राजचितारी सुभानजीने त्या रंगाने माखलेल्या पायांवर आपले डोके ठेवले.